सरकारची लाखोली

कोरडे वस्ताद माणसाचं नाव नंतर विचारायचे. आधी खिशातून शिंप्याची फीत काढायचे, समोरच्याच्या छातीभोवती टाकायचे आणि "घे श्वास... सोड," म्हणून आकडा मोठ्यानं वाचायचे. मग समोर पोस्टमन असो, पटवारी असो की लग्नात पंगतीला शेजारी बसलेला वऱ्हाडी. एकदा एका मयतीला गेले, तर खांदा द्यायला उभ्या राहिलेल्या चौघांपैकी एकाला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूले व्हा भाऊ, तुमच्यानं होत नाही," आणि फीत काढलीसुद्धा. घरच्या बायकांनी रडणं थांबवून पाहिलं.

"माणूस खोटं बोलते, माप खरं बोलते," हे त्यांचं पालुपद. आडनाव कोरडे, आणि माणूस बारा महिने घामानं भिजलेला.

मला त्यांनी मापलं ते पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर. मी खानदेशातून आलेला. वय बावीस, शाळा पाचवीत सुटलेली. इथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर काम मिळेल असं एकानं कळवलं होतं, आणि मी पोचेपर्यंत तो स्वतःच गाव सोडून गेला होता. कुठं जावं कळेना म्हणून वळकटीवर बसून होतो. वस्तादांनी फीत टाकली, आकडा पाहिला आणि वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "साडेएकोणतीस." मग फीत गुंडाळत, "जेवला काय?"

नाव विचारलं ते जेवण झाल्यावर. सुपडू म्हटल्यावर ते हसले नाहीत. त्या गावात माझ्या नावाला न हसलेला तो पहिला माणूस.

पुढं मला हिवताप आला तेव्हा अकरा दिवस त्यांनी ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या. रोज माप घ्यायचे. मी उतरत चाललो होतो. अठ्ठावीसवर आलो तेव्हा म्हणाले, "याच्या खाली मी तुले जाऊ देत नाही," जसं काही मी हट्टानं जात होतो. काट्यावरचं काम त्यांनीच लावून दिलं. झोपायला आपल्या व्यायाम मंदिराचा कोपरा दिला. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण त्या माणसाचं पुढं जे नुकसान झालं ते माझ्या हातून झालं.

व्यायाम मंदिर म्हणजे स्टेशन आणि जिनिंगच्या मधल्या सरकारी जागेवरचं टिनाचं शेड. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी वस्तादांनी ते उभं केलं. "झेंडा लागला, आता तो धराले छाती पाहिजे," एवढंच त्यामागचं कारण. आत एक मलखांब, मुद्गलांच्या चार जोड्या आणि तांबड्या मातीचा हौद. त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घर होतं, पण ते फक्त कण्या शिजवायला. पहाटे चारला उठून शेड झाडायचे, पाणी शिंपायचे आणि मग दारात उभे राहून रस्त्याकडं पाहत बसायचे.

गावात आखाडे होते, पण ते देवाचे, फुकटचे. वस्ताद फी घ्यायचे, आणि त्यावरून टोमणे खायचे. तेलघाणीचे मालक नथ्थूशेठ तिथं रोज येत आणि रोज डिवचत.

"वस्ताद, हे देऊळ हाय का दुकान?"

"दुकान. तुम्ही तेल विकता, मी दम विकतो. तुमचं गिऱ्हाईक तेल घरी नेते. माह्याइथं गिऱ्हाइकाचंच तेल काढा लागते."

दर पाडव्याला भिंतीवर खडूनं नव्या वर्षाची यादी लिहिली जायची. मी आलो त्या वर्षीची अशी होती: माणसं अठरा. मलखांब नवीन, एक. पोस्टमास्तरांनी सायकलवरून उतरल्यावर धापू नये. नथ्थूशेठचं पोट चार बोटं आत. ही शेवटची ओळ रस्त्यावरूनही वाचता यायची. नथ्थूशेठ ती पुसण्यासाठी वर्षाची फी आगाऊ द्यायला तयार होते. वस्ताद म्हणाले, "पोट जाईन तेव्हा नाव जाईन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार व्हायची, अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव, दिवसभर दगडांचा मारा. तिसऱ्या दिवशी अर्धी मंडळी डोक्याला पट्ट्या बांधून शेडात यायची. वस्ताद पट्टीकडं बघायचेसुद्धा नाहीत. "छातीले लागलं काय? नाही नं? मंग चाल."

मग राज्य बदललं. रेल्वेनं काही तासांवर असलेलं नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. चहाच्या दुकानात त्यावर वाद व्हायचे, कपबश्या आदळायच्या. वस्तादांना विचारलं तर म्हणायचे, "मी तं जाग्यावरच आहो बाप्पा. नागपूरच सरकून गेलं."

पुढच्या पाडव्याच्या आसपास पटवारी एक छापील कागद घेऊन आला. आधी सरकारी कागद मराठीतही यायचे, हा नुसता हिंदीत होता. पटवारी वस्तादांच्या ओळखीचा. खालच्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, जागा सरकारची आहे. हा कागद भरून द्या, नोंद होऊन जाईन, मंग तुम्हाले कोणी हलवत नाही. वर्षभरात केव्हाही द्या, पण द्या. नाही दिला आन् दुसऱ्या कोणी जागा मागितली, तं मी काही करू शकत नाही."

शेडात लिहिता-वाचता येणारे बरेच होते, पण वस्तादांनी कागद माझ्या हातात दिला. मला त्याचा किती अभिमान वाटला ते आज सांगायला लाज वाटते. नाव, पत्ता, संचालक, सगळं मी धडाधड वाचलं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं, 'आगामी वर्ष का लक्ष्य'.

"येत्या वर्षाचं लक्ष," मी म्हणालो.

"लक्ष म्हणजे काय?"

पाचवीतलं अंकगणित मला चांगलं आठवत होतं. "लक्ष म्हणजे लाख. सहस्र, दशसहस्र, लक्ष."

"लाख काय?"

मी कागद उलटून पाहिला. "ते लिहिलं नाही."

वस्ताद मलखांबाला टेकले. मग त्यांचा चेहरा उजळला. महादेवाला लाख बेलाची पानं वाहतात, ती लाखोली गावात घरोघरी ठाऊक होती. "अरे, लाखोली पाहिजे सरकारले," ते म्हणाले. "काय वाहायचं ते मोकळं ठेवलं. ज्याचा जो धंदा, त्यानं ते वाहावं. आपला धंदा नमस्काराचा."

मी टाक दौतीत बुडवला. "मग लिहू का, एक लाख सूर्यनमस्कार?"

"केल्याशिवाय कसा लिहितं? माप आधी घेते माणूस, आकडा मंग सांगते."

आणि कागद मलखांबामागच्या खुंटीला लटकला.

रोज पावणेतीनशे नमस्कार लागत होते. अठरा माणसं, माणशी पंधरा. मोजायला मी जिनिंगमधून सरकी आणली. एका नमस्काराला एक सरकी, सुपातून माठात. पण नमस्कार पक्का पाहिजे. पाठ वाकडी पडली, गुडघा चुकला, की वस्ताद माठात हात घालून सरकी काढून घ्यायचे.

"नथ्थूशेठ, पोट टेकलं, छाती टेकलीच नाही. वापस."

"अहो, पोट आधी येते तिथं, मी काय करू?"

"त्याले मंग येजो म्हणा."

सुरुवातीला गावाला मोठी मौज वाटली. सरकारनं लाखोली मागितली ही बातमी बाजारभर झाली. बायका देवळातून येताना दारात थांबून विचारायच्या, "किती झाले जी?" आणि मी आत जाऊन आकडा आणायचो. वस्ताद त्या दिवसांत फार सुखात होते. दर पाडव्याला भिंतीवर ते बरंच काही लिहायचे, पण गाव येऊन त्याची चौकशी करतंय असं कधी झालं नव्हतं.

मग माणसं गळायला लागली. दोघं कारकून बदली मागून नागपूरकडं गेले. पोस्टमास्तर विदर्भातल्या आपल्या गावाजवळ गेले, जाताना सायकल विकून गेले. बोबडे म्हणून एक दणकट गडी होता, तोही भावाबरोबर तिकडंच दुकान टाकायला गेला. जिनिंगचा हंगाम संपल्यावर मजूर पांगले. पावसाळ्यात सहाजण उरले. भिंतीवर 'माणसं अठरा' तसंच होतं. वस्ताद दारात उभे राहायचे ते आता जास्त वेळ उभे राहायचे.

गंमत अशी, की माठ मात्र भरतच होता. सकाळी मी मोजायचो तेव्हा त्या दिवसाचा आकडा दीडशेच्या आत असायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर शंभर-सव्वाशे सरक्या वाढलेल्या. उंदीर सरकी नेतो हे मला माहीत होतं, आणून टाकतो हे नवीन होतं. मला वाटलं मीच चुकतोय. मला नेहमी तसंच वाटतं.

दसऱ्याच्या सुमारास स्टेशनावर तिवारीजी नावाचे नवे बुकिंग क्लार्क आले. कंबर धरते म्हणून शेडात येऊ लागले. एक दिवस खुंटीचा कागद त्यांच्या नजरेला पडला. मी हौशीनं सगळं सांगितलं, लाखोली, सरकी, पन्नास हजारांच्या वर गेलेला आकडा. तिवारीजींनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"अरे भैया, लक्ष्य माने उद्देश्य. लाख थोड़े ही है." मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "एक लाइन लिखनी थी बस."

ज्या माणसानं मला मरू दिलं नाही, त्याला मी सात महिने जमिनीवर पालथं पाडत होतो, आणि एका ओळीचं काम खुंटीला लटकत होतं. वस्तादांना सांगावं, तर ते मला कोपऱ्यातून काढतील. न सांगावं, तर जागा जाईल. आठ दिवस मी दोन्ही भीत राहिलो. प्रायश्चित्त म्हणून रोज चाळीस नमस्कार काढायला लागलो. सांगायचं ठरवून यायचो आणि त्यांचा सुजलेला गुडघा पाहून गप्प बसायचो.

नवव्या दिवशी जिनिंगच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि दुपारीच सुटी झाली. शेडाचं दार लोटलेलं होतं. आत वस्ताद एकटे होते. दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून नमस्कार काढत होते. एक नमस्कार झाला, की सुपातली सरकी उचलायची, आणि माठात टाकताना म्हणायचं, "हा बोबड्याचा." पुन्हा खाली, पुन्हा वर. "हा पोस्टमास्तरचा." एकदा उठताना कमरेत कळ आली आणि पाठ वाकली. तसेच उठून त्यांनी सरकी टाकली आणि लगेच परत काढली. "पोस्टमास्तर, कच्चा झाला. पुन्हा काढा."

मी दारातच उभा होतो. तिथूनच बोललो, आत गेलो असतो तर बोलवलं नसतं.

"वस्ताद, त्या कागदात लाख नाही."

ते पुन्हा पालथे झाले होते. "मंग किती आहे?"

"किती असं नाही. लक्ष्य म्हणजे उद्देश. हे सगळं आपण कशासाठी करतो, ते एका ओळीत लिहायचं होतं. मी चुकीचं वाचलं."

ते सावकाश उठून बसले. एरंडाचं पान सुटलं होतं, ते नीट बांधलं. आता वळकटी उचलायला सांगतील म्हणून मी कोपऱ्याकडं बघत होतो.

"तुले कवा समजलं?"

"आठ दिवस झाले."

"म्हणून चाळीस-चाळीस काढून राहिला होता काय?" मी मान हलवली. "म्या म्हटलं, याले झालं तरी काय. पाठ वाकडी पडून राहिली होती तुझी."

एवढंच. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कागद अजून देता येईल," मी म्हणालो. "तिवारीजी ओळ लिहून देतात म्हणाले."

"लिहू दे." मग गुडघा चोळत म्हणाले, "एक कर सुपडू. बाकीच्याईले सांगू नको. तिवारीलेही सांग, तोंड बंद ठेवा म्हणा."

"काहून?"

"लाख आहे म्हणून सहाजण येऊन राहिले. एका ओळीचं काम आहे म्हटलं, तं उद्या कोण येईन?"

तिवारीजींनी सुबक अक्षरात लिहिलं, 'युवकों का सर्वांगीण विकास'. वस्तादांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, तरुणांची सगळ्या बाजूंनी वाढ. त्यांनी हौदापलीकडच्या नथ्थूशेठकडं पाहिलं. "एका बाजूनं तं झाली आहे," म्हणाले, आणि सही केली.

कागद घेऊन मीच कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. बियाण्याच्या गोदामासाठी ती जागा पावसाळ्यातच मागितली गेली होती, त्यांचा कागद आधीचा. आमचा पाडव्याला आला असता तर आमचा आधीचा झाला असता. कारकुनानं हे चांगल्या शब्दांत समजावून सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा सांगितलं.

वस्तादांनी त्यानंतर एकदाही पाडव्याला राहून गेलेल्या कागदाचा शब्द काढला नाही. सकाळी माणसं येत, नमस्कार काढत, मी सरकी मोजत असे. त्यांचं दुपारचं काम मी जिनिंगमधून आल्यावर वाटून घ्यायला लागलो. ते बोबड्याचे काढत, मी पोस्टमास्तरांचे. टिनं उतरवायला माणसं आली तेव्हा आकडा एक्क्याऐंशी हजारांवर होता. नथ्थूशेठ मलखांबावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "वस्ताद, राहिलेल्या लाखोलीचं काय?"

"बाकीची सरकारनं माफ केली," वस्ताद म्हणाले.

महिनाभरात ते सौंसरला पुतण्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राहायला गेले. मला तिवारीजींच्या ओळखीनं इटारसीला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं. रुजू होण्याआधी निरोप घ्यायला म्हणून मी सौंसरला उतरलो, बसच्या थांब्यावर विचारत विचारत बगीच्यापर्यंत गेलो.

पुतण्या आणि सूनबाई चांगली माणसं होती. त्यांनी मला पाणी दिलं, संत्री दिली, आणि पुन्हा आपल्या तोडणीच्या कामाला लागली. वस्ताद झाडाखाली बाजेवर बसले होते. स्वच्छ धोतर, तेल लावलेले केस. घाम नव्हता. मी त्यांना असं कोरडं कधी पाहिलं नव्हतं.

"इथं बरं आहे ना वस्ताद?"

"बरं आहे नं. टायमावर जेवण आहे. सून मान ठेवते." मग इकडं तिकडं पाहून, तक्रार वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "फक्त हे सारे माह्या आधी उठते. मी चारले उठतो, तवाही घर खाली. कोणाची वाट पाहाव, असं कोणी राहत नाही."

मी वखारीचं सांगितलं, पगाराचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साडेतीन वाजून गेले तशी माझी चुळबुळ सुरू झाली. पांढुर्ण्याला परतणारी बस चारची होती, तिथून रात्रीची गाडी पकडायची होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वखारीत हजर व्हायचं होतं.

"चारची जाऊ दे," ते म्हणाले. "उद्या सकाळची धरजो. सकाळी थोडा वेळ बसशीन माह्याजवळ, मंग जाजो."

नोकरी नवी होती आणि मालक कडक आहे असं सगळे सांगत होते. मी त्यांच्या पाया पडलो आणि चारचीच बस धरली.